आत्याला घेऊन कोरियात: के-ड्रामाची ठिकाणं शोधताना

कोरियाहून आल्यापासून भेटेल तो पहिल्यांदा एकच विचारतो, तो कोरियन सिरीयलींतला हिरो ली मिन हो दिसला का. नाही दिसला. गोंग यू पण नाही, ह्युन बिन पण नाही. मेट्रोतल्या जाहिरातींत मात्र हे सगळे दिसायचे आणि आत्या प्रत्येकासमोर थांबून माझ्याकडून फोटो काढून घ्यायची. दुसरा प्रश्न जरा कामाचा असतो, की अगं ते शूटिंगचे स्पॉट शोधले कसे आणि जमवलं कसं, पॅकेजने गेलात का. पॅकेजने नाही गेलो, सगळं स्वतः केलं, म्हणून सविस्तर लिहितेय.

आधी आत्याबद्दल, कारण ट्रिप तिचीच होती, मी फक्त बॅग ओढायला आणि अ‍ॅप चालवायला. आत्या सांगलीची, शाळेतून रिटायर झालेली, लॉकडाऊनमध्ये कुणीतरी तिला नेटफ्लिक्सवर हिंदी डबिंगमधली एक सिरीयल लावून दिली आणि तिथून जे सुरू झालं ते आता डबिंग नको गं, आवाज खोटा वाटतो, सबटायटल लाव इथपर्यंत. तिने वहीत लिस्ट केलेली, चांगली चार पानांची, नाव, हिरो, कुठला सीन आणि शेवटी "बघायचंच" किंवा "जमलं तर". ती वही घेऊन बसलो तेव्हा कळलं की अर्धी लिस्ट अशीच गळणार आहे.

म्हणजे बघा, तिची सगळ्यात लाडकी क्रॅश लँडिंग ऑन यू. त्यातलं उत्तर कोरियातलं गाव म्हणजे सेट, खऱ्या उत्तर कोरियात कोण शूटिंग करू देणार. आणि तो तळ्याकाठचा पियानोचा सीन आहे स्वित्झर्लंडमधल्या इझेल्टवाल्डचा, ब्रिएंझ लेकवर. ते छोटंसं गाव फॅन लोकांनी इतकं भरून जायला लागलं की २०२३ पासून त्या लाकडी धक्क्यावर जायला फिरतं गेट लावलंय, ५ फ्रँक टाका मग आत. आत्या म्हणाली, "पाच फ्रँक म्हणजे किती गं?" मी सांगितलं पाचशेच्या आसपास, तर म्हणाली, "असू दे, टीव्हीवर फुकट दिसतंय." तेव्हा ते गेलं. रिप्लाय १९८८ सारख्या जुन्या काळातल्या गल्लीबोळाच्या सिरीयलींचंही तसंच, गल्ली सेटची असते, शूटिंग संपलं की गेली.

आणि घरांचा वेगळाच विषय आहे. होमटाऊन चा-चा-चा चालू असताना, म्हणजे २०२१ मध्ये, पोहांगला लोक इतके जायला लागले की ज्या घरांत शूटिंग झालं तिथल्या राहत्या लोकांना त्रास व्हायला लागला, शेवटी सिरीयलवाल्यांनाच सांगावं लागलं की बाबांनो या घरांकडे जाऊ नका. त्यामुळे आमचा पहिला नियम ठरला, कुणाच्या राहत्या घराच्या दारात जायचं नाही. बाजार, बीच, पूल, राजवाडे, पार्क एवढंच.

दुसरा नियम माझा, आणि तो मी आत्याला बरंच भांडून पटवला. कुठली सिरीयल जास्त आवडली त्यावर जागा ठरवायची नाही, रेल्वे कुठून कुठे जाते त्यावर ठरवायची. कोरिया नकाशात छोटा दिसतो पण एका सिरीयलचा स्पॉट पूर्वेला समुद्रावर, दुसरीचा नैऋत्येला जोंजूत, तिसरीचा एकदम दक्षिणेला चांगवॉनमध्ये (अ‍ॅटर्नी वू मधलं ते मोठ्ठं झाड तिथे खरंच आहे, सिरीयलनंतर त्याला राष्ट्रीय नैसर्गिक वारसा म्हणून संरक्षणही मिळालं), आणि सगळं करायला गेलात तर निम्मी ट्रिप स्टेशनवर जाते. मला सापडलं ते असं की १ जानेवारी २०२५ पासून पूर्व किनाऱ्याची रेल्वे लाइन पूर्ण जोडली गेलीय, गांगनुंगहून खाली पोहांग आणि पुढे बुसानपर्यंत सलग गाडी जाते. झालं, आमचा रूट तिथेच ठरला. सोल, मग गांगनुंग, तिथून त्या लाइनने पोहांग, पोहांगहून केटीएक्सने (त्यांची फास्ट ट्रेन) परत सोल. गॉब्लिन आणि होमटाऊन चा-चा-चा या दोन्ही सिरीयली याच रस्त्यावर. जोंजू आणि ट्वेंटी-फाइव्ह ट्वेंटी-वनचा बोगदा कटाप. आत्या दिवसभर बोलली नाही माझ्याशी.

व्हिसाचं थोडक्यात सांगते. भारतीय पासपोर्टला आधी व्हिसा लागतोच, मुंबईत कोरियाचा वाणिज्य दूतावास आहे. सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट, आयटी रिटर्न, नोकरीचं आणि रजेचं पत्र, आत्याचे पेन्शनचे कागद, आणि रोज कुठे राहणार कुठे जाणार याचं पान. कागदांची लिस्ट बदलत असते म्हणून अर्ज करायच्या आठवड्यात त्यांच्या साइटवर परत बघा. व्हिसा हातात येईपर्यंत कॅन्सल करता येईल असंच हॉटेल बुक करा. निघायच्या आधी ई-अरायव्हल कार्ड ऑनलाइन भरता येतं, ते फुकट असतं, कुणी पैसे मागत असेल तर ती साइट दुसरी आहे.

आम्ही दिवाळी झाल्यावर निघालो आणि तो टाइम मस्त होता, ऑक्टोबरचा शेवट ते नोव्हेंबरची सुरुवात म्हणजे तिकडे पानं लाल-पिवळी झालेली असतात. फक्त चुसोक बघून घ्या, त्यांचा मोठा सण, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये कधीही येतो, तेव्हा सगळा देश गावाला निघतो आणि ट्रेनचं तिकीट मिळत नाही. रेल्वेचं बुकिंग साधारण महिनाभर आधी उघडतं, शनिवार-रविवारची गांगनुंगची गाडी भरून जाते, आम्ही मुद्दाम मंगळवार पकडला.

फोनमध्ये काय लागतं ते सांगते कारण सगळा खेळ त्यावर आहे. गुगल मॅप्सवर तिकडे आम्हाला चालत जायचा रस्ता नीट मिळतच नव्हता, नावेर मॅप घ्या नाहीतर काकाओ मॅप. भाषांतराला पापागो. आणि स्पॉट शोधायची युक्ती अशी: सिरीयलचं नाव इंग्लिशमध्ये टाकलंत की तीच ती दहा ठिकाणं येतात, पण नाव कोरियनमध्ये कॉपी करून पुढे शूटिंगची जागा हे पापागोतून कोरियनमध्ये करून चिकटवलं आणि नावेरवर टाकलं की तिथल्या लोकांनी लिहिलेलं सगळं निघतं, कुठल्या बस स्टॉपला उतरायचं, कुठल्या बाजूने फोटो घ्यायचा, आता तिथलं दुकान चालू आहे की बंद झालं. आत्याच्या वहीतली बरीच नावं मी अशीच तपासली. मेट्रो-बसला टी-मनी कार्ड, सीयू किंवा जीएस२५ नावाच्या कुठल्याही छोट्या दुकानात मिळतं, पण रिचार्ज बहुतेक ठिकाणी रोख पैशानेच होतो म्हणून थोडे वॉन खिशात ठेवा (हजार वॉन म्हणजे साधारण साठ रुपये धरा). आणि १३३० हा नंबर सेव्ह करा, टुरिस्ट हेल्पलाइन, चोवीस तास, इंग्लिश बोलतात.

सोलमध्ये आत्याला आधी राजवाडा पाहिजे होता. ऐतिहासिक सिरीयली बघून बघून तिला राजा कुठे बसतो, राणी कुठून येते, खलिता घेऊन येणारा कुठल्या दारातून धावत येतो सगळं पाठ. ग्योंगबोकगुंगला तिकीट ३,००० वॉन, पण हानबोक, म्हणजे त्यांचा पारंपरिक पोशाख, घातलेला असेल तर फुकट. मंगळवारी बंद असतो, बाकीचे बरेच राजवाडे सोमवारी बंद, हे लक्षात ठेवा. आजूबाजूच्या गल्ल्यांत हानबोक भाड्याने द्यायची दुकानंच दुकानं आहेत, तासांच्या हिशेबाने. आत्या आधी "या वयात काय ते" आणि आत गेल्यावर चाळीस मिनिटं रंग निवडत बसली. दुकानातल्या बाई इतक्या हुशार, तिच्या पंजाबी ड्रेसवरूनच सगळं चढवलं, खाली फुगवायचा परकर, मग घागरा, मग ते छोटं जॅकेट आणि छातीवर एका बाजूला लांब गाठ, केसांचा अंबाडा घालून त्यात पिन. आत्याने पदर शोधायला दोनदा खांद्यावर हात नेला. दहा वाजता आणि दोन वाजता पहारा बदलायचा कार्यक्रम असतो मोठ्या दारासमोर, दहाचा गाठला तर ऊन बरं असतं. एक मात्र सांगते, बरेच दरबाराचे सीन खऱ्या राजवाड्यात नाही तर सेटवर होतात, योंगिनला दे जांग गुम पार्क म्हणून एमबीसी चॅनेलचा मोठा सेट आहे आणि तो बघताही येतो, ज्यांना ऐतिहासिकच आवडतं त्यांनी एक दिवस तिकडे द्यावा. आम्ही नाही गेलो.

तिथून बुकचोनच्या जुन्या घरांच्या गल्ल्या चालत जाण्यासारख्या. पण तिथे लोक राहतात आणि ते वैतागलेत. मुख्य चढाच्या गल्लीत आता सकाळी १० ते संध्याकाळी ५ एवढंच टुरिस्टना जाऊ देतात, मार्च २०२५ पासून वेळेबाहेर दिसलात तर १ लाख वॉन दंड. हळू बोला अशा पाट्या घेऊन माणसं उभी असतात. आत्या एकदम शाळेच्या आवाजात दुसऱ्याच एका ग्रुपला "शू" म्हणाली. जवळच उनह्योंगुंग हा जुना वाडा आहे, त्याच्या मागची पांढरी विलायती इमारत म्हणजे गॉब्लिनचं घर, आत जाता येत नाही, भिंतीपलीकडून दिसते तेवढीच.

संध्याकाळी नोकसाप्योंग स्टेशनला उतरून तो पादचारी पूल केला, इतेवॉन क्लास सिरीयलमधला, समोर नामसान टॉवर दिसतो तो. पूल म्हणून काही नाही, खालून गाड्या जातात, पण अंधार पडता पडता टॉवर लागतो तेव्हा बरं वाटतं. तिथून इतेवॉनच्या मुख्य रस्त्याला गेलो तर ती अरुंद गल्ली लागली जिथे २९ ऑक्टोबर २०२२ च्या रात्री चेंगराचेंगरीत १५९ माणसं गेली. आम्ही गेलो ते त्याच तारखेच्या आसपास, फुलं आणि चिठ्ठ्या लावलेल्या होत्या, बहुतेक पोरं विशी-पंचविशीतली. आत्या हात जोडून थोडा वेळ उभी राहिली. त्यानंतर सिरीयलमधला बार वगैरे शोधायचा मूड नव्हता, मग तिथल्याच इंडियन हॉटेलात वरणभातासारखं काहीतरी खाऊन परत. नामसान टॉवरला दुसऱ्या दिवशी ०१ नंबरच्या बसने वर गेलो, केबल कारच्या रांगेपेक्षा गुडघे दुखणाऱ्यांना बस बरी, तरी बस थांबते तिथून वर थोडा चढ आहेच.

आता गांगनुंग, आणि मला विचाराल तर पूर्ण ट्रिप याच्यासाठी केली तरी चालेल. सोलहून केटीएक्सने साधारण दोन तास, २०१८ च्या हिवाळी ऑलिंपिकसाठी ही लाइन टाकलेली. स्टेशनवरून योंगजिन बीचला बस असते पण ती क्वचितच येते, आम्ही टॅक्सी केली, कार्ड चालतं. रस्त्याला लागून बीच आणि त्यातून समुद्रात घुसलेले दगडी बांध, एक नाही, बरेच, सगळे सारखेच. गॉब्लिनचा कुठला ते पाटी आणि रांग बघून कळतं. हो, रांग. समोर एक बाई छोटं टेबल मांडून बसलेली, तिच्याकडे लाल मफलर, पांढऱ्या फुलांचा गुच्छ, छत्री, सगळं भाड्याने. म्हणजे गॉब्लिनची हिरॉईन किम गो-उनने घातलेला तसा मफलर गळ्यात घालायचा, फुलं हातात धरायची आणि बांधाच्या टोकाला जाऊन उभं राहायचं, दोन मिनिटं तुमची, मागचे थांबलेले. बांध छोटाच आहे, टीव्हीवर वाटतो त्याच्या निम्मा पण नसेल, वर ओल, आणि त्या दिवशी वारा असला भन्नाट की लाट आपटली की तुषार थेट अंगावर. आत्याच्या पुढे एक जोडपं होतं, त्या पोराने गोंग यूसारखा लांब काळा कोट आणलेला घरून. मग आत्याचा नंबर. ती गेली, मफलर उडाला, तिने तो पदरासारखा खांद्यावरून घेऊन कमरेला खोचला आणि फुलं घेऊन असली ताठ उभी राहिली की मागच्या रांगेतल्या पोरींनी टाळ्या वाजवल्या. तो फोटो आता तिच्या व्हॉट्सअ‍ॅपचा डीपी आहे.

फोटो झाला म्हणून लगेच परत फिरू नका, बहुतेक लोक तेच करतात, सोलहून सकाळी येऊन संध्याकाळी परत. सकाळी साडेसात-आठला रांग नसते, त्यासाठी एक रात्र तिथे राहावं. दुसऱ्या दिवशी आम्ही परत गेलो तेव्हा बांधावर फक्त एक काका गळ टाकून बसलेले. उत्तरेला थोडं पुढे ह्यांगहो बीचवर बीटीएसचा बस स्टॉप आहे, खरी बस तिथे येत नाही, अल्बमच्या फोटोसाठी उभारलेला, नंतर काढलेला आणि लोक विचारत येतात म्हणून शहराने परत बांधला. माझ्या भाचीसाठी तिथे जाणं भाग होतं.

आणि गांगनुंगला चोदांग नावाचा भाग आहे तिथे टोफू करतात समुद्राचं पाणी घालून, मऊ, गरम, पांढरंशुभ्र, काही तिखट नाही. वर थोडा सोया सॉस टाकून खायचा. शाकाहारी माणसाला कोरियात हा एक दिवस सुखाचा. बाकी खाण्याचं खरं सांगायचं तर अवघड आहे. किमचीत खारवलेले मासे नाहीतर कोळंबी असते, त्या लाल तोकबोकीच्या (तांदळाच्या पिठाच्या चिवट तुकड्यांच्या) रश्श्यात सुकी मासळी उकळलेली असते, व्हेज म्हटलं तरी हॅमचा तुकडा निघतो. आत्या अंडं खाते म्हणून निभावलं. मी पापागोतून एक चिठ्ठी करून स्क्रीनशॉट ठेवलेला, मांस नको, मासे नको, माशाचं पाणी नको, अंडं चालेल, ते दाखवलं की मावशी लोक विचार करून काहीतरी देतात, बहुतेक वेळा बिबिंबाप, म्हणजे भाज्या घातलेला भात. दुकानांत भाजलेली रताळी मिळतात, अंड्याचा गरम पाव मिळतो, होतोक म्हणजे आत गूळ-दालचिनी घातलेली तळलेली गोड पोळी, तिची आत्याने रेसिपी विचारली, हातवारे करून, आणि मिळवली पण. शिवाय फराळाचा डबा होताच, चकल्या रामेनसोबत चांगल्या लागतात हे मी स्वतः सांगते.

गांगनुंग ते पोहांग गाडी किनाऱ्याकिनाऱ्याने, मध्ये मध्ये समुद्र दिसतो, जाताना डाव्या बाजूची खिडकी घ्या. पोहांग खरं तर पोलाद कारखान्याचं शहर. चा-चा-चाचा बाजार उत्तरेला चोंगहात आणि व्हेन द कॅमेलिया ब्लूम्सचा जिना, तो लांब दगडी जिना, एकदम उलट बाजूला गुर्योंगपोत, एका दिवसात दोन्ही करायला बसच्या नादी लागू नका. आम्ही चोंगहा निवडलं. तिथला बाजार आपल्याकडच्या आठवडी बाजारासारखा, फक्त दर पाच दिवसांनी भरतो, त्यामुळे तारीख बघून गेलात तर भाजीवाल्या, मासळीवाल्या, मिरच्यांची पोती असं सगळं, एरवी सुनसान. आम्ही भरलेल्या दिवशी गेलो. सिरीयलमधल्या दुकानांच्या पाट्या तशाच ठेवल्यात, बोरा सुपरमार्केट, ते हार्डवेअरचं दुकान, मध्ये स्क्विडचा पुतळा. आत्या पाटीपाटीला "हे तिचं, हे त्याचं" करत होती आणि एक आज्जी लसूण सोलता सोलता तिच्याकडे बघून हसत होती, मग आत्या तिथेच स्टुलावर बसली, दोघींना एकमेकींचं अक्षर कळत नव्हतं, आत्याने दोन गड्ड्या सोलून दिल्या, आज्जीने तिला पर्सिमन नावाचं फळ दिलं. मी मध्ये पापागो धरला तर दोघींनी मला बाजूला हो अशी खूण केली. शूटिंगचं विचाराल तर बाजार बघायला अर्धा तास पुरतो. आम्ही दुपारपर्यंत तिथेच.

नंतर टॅक्सीने साबांग पार्कच्या टेकडीवर, जिथे चा-चा-चाच्या हिरोची, चीफ होंगची, ती नाव डोंगरावर ठेवलेली आहे. नाव खरंच आहे तिथे. वर चढायला पायऱ्या आणि लाकडी वाट, दम लागतो. इथेही रांग, पण सगळे शहाण्यासारखे थांबतात, नावेत बसून फोटो, मागे समुद्र. टॅक्सीवाल्याला थांबवून ठेवा किंवा परतीची वेळ सांगा, वरून टॅक्सी मिळायची वाट बघत बसावं लागतं.

आता आत्याच्या वहीत नवीन पान उघडलंय, व्हेन लाइफ गिव्ह्ज यू टँजरीन्स. तिला जेजूला जायचंय, मार्च-एप्रिलमध्ये, तेव्हा पिवळी कॅनोला फुललेली असते आणि समुद्रात बुडी मारून शंख-शिंपले काढणाऱ्या हेन्यो बायका तिला प्रत्यक्ष बघायच्यात, सत्तरीच्या बायका पण उतरतात म्हणून तिला फार कौतुक. मी तिला सांगितलं की त्यातलं गाव बरंचसं अंदोंगला उभारलेल्या सेटवर केलंय, जेजूला ते घर काही मिळणार नाही. तर म्हणाली, "मग अंदोंगला पण जाऊ, तिथे तो मिस्टर सनशाइनचा मांडव आहे ना पुलापलीकडे." मानह्युजोंग म्हणतेय ती, २०२५ च्या मार्चमधल्या वणव्यात गेलाच असं आधी बातम्यांत आलेलं, पण आग न लागणारी चादर गुंडाळून ठेवल्यामुळे वाचला. अंदोंगला सोलहून रेल्वे आहे, जेजूला विमान. मी सध्या टाइमटेबल बघतेय आणि ती रोज संध्याकाळी सोसायटीचे चार मजले चढून उतरतेय, कारण जेजूतल्या सोंगसानच्या डोंगराला पायऱ्या आहेत हे तिने कुठल्यातरी व्हिडिओत बघितलंय.